चार इयत्तांचं अंगण

बाई वारल्या त्या सकाळी त्यांच्या अंगणात चार इयत्ता भरलेल्या होत्या. पहिलीत अकरा, दुसरीत सहा, तिसरीत नऊ आणि चौथीत चार. आकडे मला पाठ आहेत, कारण आदल्या संध्याकाळची हजेरी मी घेतली होती. बाईंना जरा दम लागत होता म्हणून त्या पायरीवर बसून नुसत्या ऐकत होत्या. तिसरीत आठच आहेत असं मी म्हणालो, तेव्हा त्यांनी मान हलवली.

"परत मोजा. एक नेहमी न्हाणीच्या मागं असते."

होती.

या इयत्ता कोंबडीच्या पिल्लांच्या. बाईंनी पस्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यातली बरीचशी जामखेड तालुक्यातल्या एका वस्तीवर. तिथं शाळेला एकच खोली होती आणि शिक्षक म्हणून एकट्या बाई. पहिली ते चौथी एकाच खोलीत, एकाच फळ्यासमोर. फळ्याचे खडूनं चार भाग केलेले असत. निवृत्त झाल्यावर त्या राहुरीला वडिलांच्या तीन खोल्यांच्या घरात राहायला आल्या, कोंबड्या पाळायला लागल्या, आणि त्यांना दुसरी कुठली पद्धत ठाऊकच नव्हती.

राहुरीत एक दिवसाची पिल्लं मिळायला अडचण नाही, आणि पिल्लं कशी वाढवावीत हे सांगणाऱ्या माणसांचीही वानवा नाही. गुरांचे डॉक्टर बाईंकडे महिन्यातून एकदा यायचे, काही काम नसलं तरी, कारण बाईंचा चहा चांगला असे. पहिल्यांदा अंगण पाहिलं तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, वेगवेगळ्या वयाची पिल्लं एकत्र ठेवू नयेत."

"का बरं?"

"मोठी लहानांना टोचतात, खाऊ देत नाहीत. शिवाय मोठी दिसायला ठणठणीत असली तरी अंगात रोग बाळगून असतात. त्यांना काही होत नाही, लहानं मरतात. सगळी एकाच वयाची आणायची, एकदम वाढवायची, एकदम काढायची. मग तीन आठवडे जागा रिकामी ठेवायची, चुना मारायचा, आणि मग नवी."

बाईंनी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. "तुम्हाला मुलं किती?"

"दोन."

"वयं?"

"नऊ आणि चार."

"एकाच घरात ठेवता?"

डॉक्टर हसले. "बाई, ते वेगळं."

"थोरला धाकट्याला टोचत नाही?"

डॉक्टरांनी थोडा विचार केला. प्रामाणिक माणूस. "टोचतो," ते म्हणाले.

मी बाईंचा भाडेकरू होतो. इथल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम लागलं तेव्हा कुणीतरी सांगितलं की चर्चच्या मागच्या गल्लीत एक बाई मागची खोली भाड्यानं देतात, पण माणूस पारखून घेतात. मी गेलो. बाईंनी माझं गाव विचारलं नाही, पगार विचारला नाही, जात तर नाहीच नाही. मला अंगणाच्या मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, "दोन मिनिटं हलू नका."

मी उभा राहिलो. पिवळी पिल्लं माझ्या चपलांभोवती जमली. एकानं अंगठ्याच्या नखावर चोच मारून पाहिली. बाई हातातल्या घड्याळाकडे बघत होत्या.

"पहिली घाबरली नाही," त्या म्हणाल्या. "सामान कधी आणताय?"

सात वर्षं त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. त्या मला ग्रंथपाल म्हणत. मी त्यांना बाई म्हणे, जसे सगळेच म्हणत. पलीकडच्या गोठ्यातले नाना त्यांच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान असतील, तेही बाईच म्हणत आणि बोलताना डोक्यावरची टोपी नीट करत.

बाईंची पद्धत बाहेरून वेडेपणाची वाटे. आतून पाहिली की तिच्यात शिस्त होती. प्रत्येक पिल्लाच्या पायात लोकरीचा धागा. पहिलीला पिवळा, दुसरीला हिरवा, तिसरीला निळा, चौथीला लाल. पाय वाढत तसा धागा आवळे, म्हणून दर आठवड्याला तो सैल करून बांधायचा, हे काम माझ्याकडे होतं. अंगणाच्या एका कोपऱ्यात शाळेतला एक जुना बाक होता. शाळेत नवे बाक आले तेव्हा बाईंनी जुन्यातला एक मागून आणला होता. त्याला चारी बाजूंनी फळ्या ठोकलेल्या, खाली चार बोटांची फट. त्या फटीतून फक्त पहिलीची पिल्लं आत जाऊ शकत. त्यांचं खाणं आत. मोठी बाहेर उभी राहून मान वाकडी करून आत बघत आणि बाई म्हणत, "तुमचं झालंय ते. पुढं चला."

खाणं मात्र सगळ्यांना लहानांचंच. मोठ्या कोंबड्यांच्या खाद्यात चुना जास्त असतो, तो लहानांच्या मूत्रपिंडाला बाधतो; लहानांचं मोठ्यांनी खाल्लं तर काही बिघडत नाही. मोठ्यांना वेगळ्या वाडग्यात शिंपल्यांची भरड ठेवली की झालं. हे मला एका पुस्तकात सापडलं आणि मी मोठ्या उत्साहानं बाईंना सांगायला गेलो.

"पुस्तकात आलंय का ते?" बाई म्हणाल्या. "बरं झालं. मी चौथीला शिकवायला लागले की पहिलीला काही कळत नसे. पहिलीला शिकवलं तर चौथीचंही ऐकून पक्कं व्हायचं. तेच आहे."

चौथी पास झालेल्या कोंबड्या अंडी द्यायला मागच्या खुराड्यात जात. कोंबडे नाना घेऊन जात. त्यांचं पुढं काय होई हे बाई विचारत नसत. कोंबडीचा रस्सा त्यांना आवडे. नाताळात, लग्नाकार्यात त्या दोनदा वाढून घेत. पण नानांच्या घरून वाटी आली की झाकण उचलून आधी विचारत, "आपल्या शाळेतलं नाही ना?" नाना नेहमी न्हाई म्हणत. वाटी माझ्या खोलीत पोचायची, कारण बाईंना नानांचा स्वभाव माहीत होता.

रविवारी शाळेला सुट्टी. बाई पांढरी साडी नेसून उपासनेला जात, आणि जाण्याआधी बाकाच्या फळ्या काढून ठेवत. सगळ्या इयत्ता एकत्र. अर्थातच सगळ्या मारामाऱ्या रविवारी होत. मी म्हटलं, बाई, एवढा एक दिवस फळ्या राहू द्या. त्यांना ते पटेना. "सुट्टीच्या दिवशी वर्गात कोंडता का कुणाला?" त्या उपासनेहून परत येत, साडी बदलायच्या आत तक्रारी ऐकत, म्हणजे कुणाच्या मानेची पिसं गेली, कोण लंगडतंय ते बघत, आणि हळद लावत. पाळकसाहेब एकदा सोबत आले होते. ते पाहून म्हणाले, "बाई, माझ्याकडे सोमवारी येतात असे."

शिक्षेचा एक प्रसंग गल्लीत अजून सांगतात. चौथीत एक तांबडा कोंबडा होता, फार दांडगा. लहानांच्या डोक्यात चोच मारायचा. बाईंनी त्याला दोनदा ताकीद दिली. तिसऱ्यांदा पहिलीतल्या एका पिल्लाच्या डोक्यातून रक्त निघालं, तेव्हा त्यांनी त्याच्या पायातला लाल धागा कात्रीनं कापला आणि पिवळा बांधला.

"काय केलंत?" मी विचारलं.

"पहिलीत बसवलं."

आठ दिवस तो बांबूच्या डालग्याखाली एकटा, भोवती पहिलीची पिल्लं मोकळी. त्यांचं खाणं डालग्याच्या कडेला. नवव्या दिवशी डालगं उचललं. आता हा काय करतो म्हणून मी आणि नाना श्वास रोखून उभे होतो. कोंबडा बाहेर आला, इकडेतिकडे पाहिलं, आणि पिल्लांच्या मागोमाग बाकाकडे गेला. फटीतून आत जायचा प्रयत्न केला. मान गेली, बाकीचं बाहेर राहिलं. तेव्हापासून तो तसाच बसायचा, डोकं पहिलीत आणि धड अंगणात. थंडीत पिल्लं त्याच्या पंखाखाली शिरू लागली. तो तक्रार करत नसे.

"बाई, ह्यो बिघडला," नाना म्हणाले. "कोंबडा न्हाई राह्यला ह्यो."

"सुधारला, नाना."

"आवो, आरवत बी न्हाई."

"तुम्हाला पहाटे उठायला मोबाईल आहे ना?"

त्या कोंबड्याला बाईंनी पुन्हा चौथीत चढवलं नाही. त्याला नकोच होतं, त्या म्हणाल्या. तो पुढे दोन वर्षं पहिलीतच होता.

आता अविनाशबद्दल सांगायला हवं. अविनाश बाईंचा एकुलता एक मुलगा, पुण्यात एका कंपनीत. सज्जन माणूस. आईला रोज संध्याकाळी साडेसहाला फोन करायचा. मी राहायला गेलो त्याच्या दुसऱ्या वर्षी बाई न्हाणीत घसरल्या आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. मी ग्रंथालयात होतो. नानांना आवाज ऐकू आला तो तासाभरानं. अविनाश त्याच दिवशी आला, आईच्या प्लास्टरकडे बघत बसला, आणि म्हणाला, "आई, आता तू पुण्याला चल. कायमची."

त्याचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. बाईंसाठी एक खोली रंगवूनही ठेवली होती. बाई नाही म्हणू शकल्या असत्या, पण त्या म्हणाल्या नाहीत. मुलानं रंगवलेल्या खोलीला नाही म्हणणं त्यांना जमणारं नव्हतं. त्या म्हणाल्या, "येते. पण हे वर्ग अर्धवट टाकून कशी येऊ? सगळ्यांत लहान आहेत ती चौथी पास होऊ देत."

अविनाशनं ते लगेच मान्य केलं, कारण तो आईला ओळखत होता. नोकरीत असताना बाईंना एकदा भर डिसेंबरात बदलीचा कागद आला होता, गावाजवळच्या सोयीच्या शाळेत, जिच्यासाठी लोक खेटे घालतात. बाईंनी उत्तर लिहिलं की परीक्षा एप्रिलमध्ये आहेत, त्यानंतर बघू. एप्रिलमध्ये ती जागा दुसऱ्याला गेलेली होती. बाईंनी ते पुन्हा कधी बोलून दाखवलं नाही.

"किती दिवस लागतील?" अविनाशनं विचारलं.

"साडेचार महिने."

"साडेचार महिन्यांनी गाडी घेऊन येतो."

अडीच महिन्यांनी बाईंनी नवी पिल्लं आणली. दहा. विचारलं तर म्हणाल्या, पहिलीचा वर्ग रिकामा बघवत नाही. साडेचार महिन्यांनी अविनाश आला तेव्हा ही दहा दुसरीत होती. वर्ग अर्धवट. तो परत गेला. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. अंगणात सगळ्या वयाची पिल्लं असली की शाळा कधी संपतच नाही, हे साधं गणित होतं आणि गणित हा बाईंचा आवडता विषय होता. मला मात्र ते कळायला दोन वर्षं लागली. मी त्याला पद्धत समजत होतो.

कळलं ते एका पावसाळ्यात. नवी पिल्लं आणून चार दिवस झाले होते आणि ती एकेक करून माना टाकू लागली. नऊ गेली. मोठ्यांना काहीच झालं नव्हतं. डॉक्टर आले, पाहिलं, आणि आपलं आधीचं बोलणं त्यांनी बाईंना ऐकवलं नाही, एवढे ते भले. फक्त म्हणाले, "आता तरी अंगण रिकामं करा, बाई. तीनच आठवडे."

ते गेल्यावर बाई त्या नऊ पिल्लांचे पिवळे धागे सोडवत बसल्या. मी शेजारी बसलो.

"डॉक्टरांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. वस्तीवर एकाला गोवर आला की चारी वर्ग झोपायचे. मला काय माहीत नाही का?"

"मग करू या ना रिकामं. मी चुना आणतो."

बाईंनी धागा बोटाला गुंडाळला. "अंगण रिकामं दिसलं की अवी गाडी घेऊन येईल, ग्रंथपाल."

त्यानंतर नवी पिल्लं आली की पंधरा दिवस माझ्या खोलीत राहायची, खोक्यात, दिव्याच्या उबेला. मग आठ दिवस जाळीच्या आड, मोठ्यांना दिसतील पण टोचता येणार नाहीत अशी. मी ज्ञानकोश वाचायचो आणि ती टेबलाखाली चिवचिव करायची. त्यानंतर फारशी दगावली नाहीत. बाई म्हणत, ही बालवाडी.

अविनाशला संशय येऊ लागला तसा तो व्हिडिओ कॉल करू लागला. मोबाईल मी धरायचा. बाई खोटं बोलत नसत, त्यामुळे सगळा भार मोबाईल कुठल्या कोनात धरायचा यावर होता.

"आई, पिल्लं दाखव."

"ही बघ चौथी. कशी मोठी झालीत."

"अजून खाली दाखव."

"ग्रंथपाल, हात दुखला का तुमचा? थरथरतोय."

"आई, चिवचिव कसली येतेय?"

बाई मोबाईलच्या जवळ सरकल्या. मग म्हणाल्या, "अवी, तू जेवलास का?"

"साडेसहा वाजलेत, आई."

"हो, पण दुपारी जेवला होतास का?"

शेवटी अविनाशनं मला गाठलं. एकदा येऊन गेला तेव्हा फाटकाशी उभं राहून म्हणाला, "सर, मी तुमच्यावर सोपवतो. आत्ता आहेत ती सगळ्यांत लहान पिल्लं मे महिन्यात मोठी होतायत. तोपर्यंत नवी येणार नाहीत. आईनंही कबूल केलंय. आली तर मला कळवायचं. शब्द द्या." त्याची काळजी खरी होती. मनगटानंतर बाईंना मी दोनदा भिंतीला धरून चालताना पाहिलं होतं. मी शब्द दिला.

बाईंनीही आपला शब्द पाळला. बाजारात गेल्या नाहीत, राहुरीत कुणाकडून पिल्लं मागवली नाहीत. अंगण हळूहळू रिकामं होऊ लागलं. पिल्लांचे पिवळे धागे संपले, मग हिरवे, मग निळे. बाकाखाली कुणी जाईना. तांबडा कोंबडा सवयीनं फटीत मान घालून बसे, आत कुणी नसलं तरी. एप्रिलअखेर त्याचा पिवळा सोडला तर फक्त लाल धागे राहिले होते. अविनाशनं मेमधला एक शनिवार ठरवला. कोंबड्या नाना नेणार होते. माझ्या खोलीचं बघू, बाई म्हणाल्या, तुम्ही राहा, घराला माणूस हवं.

आणि एके दिवशी मी अंघोळीच्या पाण्यासाठी सरपण काढायला मागं गेलो, तर लाकडांच्या ढिगामागं, पोत्यावर, एक काळी कोंबडी बसलेली. अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून. मी हात पुढं केला तशी गुरगुरली. खुडूक होती, उबवायला बसलेली. खाली अंडी. शेजारी पाण्याची वाटी आणि दाण्यांची वाटी, दोन्ही भरलेल्या. कोंबडी स्वतः वाटी भरून घेत नाही, एवढं मलाही कळत होतं.

नाना भिंतीवरून बघत होते. "घावली का?" ते म्हणाले. "धा दिस झाले. बाई रोज दुपारी येत्यात वाटी भरायला, तुमी गेल्यावर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मला इचारलं कुनी?"

दहा दिवस झालेले, पिल्लं निघायला एकवीस लागतात. मी बोटांवर मोजलं. एकविसावा दिवस शुक्रवारी येत होता. अविनाश शनिवारी.

मी अविनाशला कळवायला हवं होतं. रोज साडेसहाला फोन वाजे आणि रोज मी ठरवी की आज सांगायचं. बाई माझ्याकडे बघत नसत. मी त्यांच्याकडे बघत नसे. स्वयंपाकघरात त्यांची बॅग भरून ठेवलेली होती. एकदा मी ती जरा सरकवायला उचलली तर ती इतकी हलकी निघाली की मी घाईनं परत ठेवली.

शुक्रवार आला. अंडी जशीच्या तशी. बाई सकाळपासून चार वेळा सरपण आणायला मागं गेल्या; एवढं सरपण पेटवलं असतं तर गल्लीच्या जेवणाचा स्वयंपाक झाला असता. संध्याकाळी त्या पायरीवर बसल्या आणि हाताची बोटं परत परत मोजू लागल्या.

शनिवारी दहा वाजता अविनाशची गाडी फाटकाशी थांबली.

बाईंनी त्याला आधी पोहे दिले. मग चहा दिला. मग नळ गळतोय म्हणाल्या. त्यानं तो घट्ट केला. मग पाळकसाहेबांना भेटून ये म्हणाल्या. तो भेटून आला. मग पंख्यावरची धूळ. मग कपाटावरून एक ट्रंक काढायला लावली, तिच्यात ब्लाउजची जुनी कापडं होती, ती बघितली आणि पुन्हा वर ठेवायला लावली. अविनाश सगळं मुकाट्यानं करत होता. दोन वाजता जेवण झालं, तेव्हा तो म्हणाला, "आई, निघू या का? अंधार पडायच्या आत पोचू."

"ताक घे," बाई म्हणाल्या.

"घेतलं."

"आणखी घे."

तो ताक प्यायला. बाईंच्या हातात तवा होता. पुसून झालेला तवा त्या पुन्हा पुसत होत्या. त्यांच्या तोंडून आता दुसरं काम निघेना. मला तेवढं बघवलं नाही. मी अविनाशला म्हटलं, "जरा मागं येता? मला तुम्हाला काही दाखवायचंय."

लाकडांमागं कोंबडी तशीच बसली होती. मी म्हटलं, "मी तुम्हाला शब्द दिला होता. तो मी मोडला. मला बारा दिवसांपासून माहीत आहे. काल निघायला हवी होती, निघाली नाहीत."

अविनाश खाली उकिडवा बसला. त्यानं कोंबडीच्या पोटाखाली अगदी सराईतपणे हात घातला, तिची चोच खात, आणि एक अंडं काढून कानाशी धरलं. मग मला दाखवलं. कवचाला बाजरीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं आणि आत काहीतरी हलत होतं.

"एखादा दिवस मागंपुढं होतं," तो म्हणाला. अंडं त्यानं हळूच परत ठेवलं. नंतर बराच वेळ तो उठला नाही. मला वाटलं रागावला आहे.

"सर, वस्तीवर चौथीपर्यंतच शाळा होती," तो म्हणाला. "पाचवीला नगरला वसतिगृहात जायचं होतं. मला जायचं नव्हतं. नऊ वर्षांचा होतो. वार्षिक परीक्षेला गणिताच्या पेपरवर फक्त नाव लिहिलं आणि कोरा दिला. नापास झालो तर तिच्याजवळ अजून एक वर्ष."

"मग?"

"आईनं पेपर पाहिला. संध्याकाळी भाकरी थापत होती, मी चुलीशी बसलो होतो. थापता थापता सहज विचारलं, अवी, बारा भाकरी सहा माणसांत कशा वाटशील? मी सांगितलं. मग म्हणाली, सातवा आला तर? तेही सांगितलं. असं करत करत तिनं सगळा पेपर विचारला, आणि मी आपला गुंगून उत्तरं देत गेलो. शेवटची भाकरी तव्यावर टाकून म्हणाली, झालास पास." तो हसला. "जूनमध्ये मला नगरच्या गाडीत बसवून दिलं. त्या दिवशी रडली नाही. मी रडलो."

कोंबडीनं अंग हलवून अंडी नीट घेतली.

"आता पाच वर्षं ती कोरा पेपर देतेय, सर," अविनाश म्हणाला. "मला दिसत नाही असं नाही. पण मी तोंडी परीक्षा घेणार नाही."

तो उठला, हात झाडले, आणि घरात गेला. मी दारातच थांबलो. बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. तवा खाली ठेवलेला होता.

"आई, लाकडांमागं एक कोंबडी बसलीय," अविनाश म्हणाला. "तुझ्या लक्षात आली नसेल. अंड्यांना चोची लागल्यात. उद्यापर्यंत पिल्लं निघतील."

बाई वळल्या नाहीत. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

"म्हणजे पहिली सुरू झाली," तो म्हणाला. "आता चार महिने तरी जातील."

"साडेचार," बाई म्हणाल्या.

"साडेचार. मी आज राहतो. उद्या न्हाणीत धरायला दांडा बसवून घेऊ, आणि मग जातो. जरा चहा टाक."

बाईंनी चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा शोधायला लागल्या. डबा त्यांच्या उजव्या हाताला, नेहमीच्या जागी होता. त्या बराच वेळ डावीकडे, भिंतीकडे तोंड करून शोधत राहिल्या, आणि अविनाशनं त्यांना तो दाखवला नाही.